पदवी हातात पडायच्या आधी

अगं, तुझा निरोप वाचला. "ताई, एकदाची थिसिस जमा करते, मग निवांत नोकरी शोधायला लागते." त्यातलं 'निवांत' वाचून कपाळावर हात मारला बघ मी. रागावत नाही. पण हेच वाक्य मी इथं जर्मनीत कितीतरी पोरापोरींच्या तोंडून ऐकलंय आणि पुढं त्यांची कशी धावपळ झाली तेही बघितलंय. म्हणून आज जरा सविस्तर बोलू. तू मोडनिंबची, मी मोडनिंबची, तेव्हा आपल्यात आडपडदा नको.

आपल्याकडं क्रम ठरलेला. पेपर झाले, निकाल लागला, पेढे वाटले, मग अर्ज. जर्मनीत नोकरीचा शोध अभ्यासक्रमाच्या पोटातच चालू असतो. तुझ्या वर्गातली जर्मन मुलं आठव. दुसऱ्या सेमिस्टरपासून ती आठवड्यातले दोन दिवस गायब असतात ना? ती कुठल्यातरी कंपनीत वर्किंग स्टुडंट म्हणून बसलेली असतात. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास ही मर्यादा. तेवढ्या वीस तासांत त्यांना तिथलं सॉफ्टवेअर कळतं, कँटीनमधलं बोलणं कळतं, कुणाच्या सहीनं काय होतं ते कळतं. मग थिसिसही त्याच कंपनीत, तिच्याच एखाद्या अडलेल्या प्रश्नावर. पदवी मिळते तेव्हा कंपनीला त्यांची मुलाखत कशाला घ्यायची असते? वर्षभर बघितलेलंच असतं. आणि आपली पोरं तोवर हॉटेलात भांडी घासतात, नाहीतर सायकलवरून पिझ्झा पोचवतात. त्यात कमीपणा मुळीच नाही, मीही गोदामात खोकी उचलली आहेत. पण तासाला मिळणारे पैसे जवळपास तेवढेच असतील, तर ते आपल्या विषयाच्या कामातून का मिळवू नयेत?

म्हणून पहिली गोष्ट. तुझी थिसिस अजून सुरू व्हायचीय ना? मग ती कंपनीत करायची खटपट कर. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कर म्हणून प्राध्यापक मागं लागतील. पुढं पीएचडी करायची असेल तर त्यांचं ऐक. नोकरी हवी असेल तर नम्रपणे नाही म्हण. आणि नाव काढून घ्यायची घाई करू नको. विद्यापीठातून नाव निघालं की वर्किंग स्टुडंटचं कामही त्या दिवसापासून बंद होतं आणि आरोग्यविम्याचा विद्यार्थ्यांचा दरही जातो. शेवटचा निकाल, करार आणि नाव काढणं या तिन्हीचा मेळ आधीच बसवून ठेव.

आता दोन तारखा लिहून कपाटाच्या दाराला चिकटव. एक, इथं राहायचा परवाना संपायची. दुसरी, कर्जाचा पहिला हप्ता सुरू व्हायची.

परवान्याचं असं आहे. इथली पदवी मिळाली की जर्मनी नोकरी शोधायला अठरा महिने देते. त्या काळात पोटापाण्यासाठी कसलंही काम करायला मुभा असते, फक्त स्वतःचा खर्च आणि विमा चालवता येतो हे दाखवावं लागतं. अठरा महिने ऐकायला पुष्कळ वाटतात. पण ते वाढवून मिळत नाहीत, आणि इथल्या कंपन्या अर्ज आल्यापासून करार हातात देईपर्यंत दोन-तीन महिने सहज घालवतात. परदेशी नागरिकांच्या कचेरीत अपॉइंटमेंट मिळत नाही, ही रड तर सगळ्या शहरांत आहे. ती मिळेपर्यंत थांबू नको. मुदत संपायच्या आत अर्ज पडला पाहिजे आणि त्याची पोच तुझ्याकडं पाहिजे. अर्ज वेळेत गेला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू धरतात. एक दिवस उशीर झाला की तोच अर्ज डोकेदुखी होऊन बसतो.

कर्जाची तारीख बँक विसरत नाही. अभ्यासक्रम संपल्यावर कुठं सहा महिने, कुठं वर्षभर हप्ता थांबतो, व्याज मात्र थांबत नाही. आपल्याकडची शेतजमीन अशा कर्जाला सहसा तारण चालत नाही, त्यामुळं राहतं घर नाहीतर बिगरशेतीचा प्लॉट अडकलेला असतो, आणि जामीन म्हणून बाबांनी सही केलेली असते. ऊसबिल कधी येईल, डाळिंबावर यंदा तेल्या पडतो का, यावर घरचं गणित. तू हे सगळं जाणतेस. म्हणून सांगते, आज बसून करारपत्र वाच आणि पहिल्या हप्त्याचा महिना शोधून काढ. कर्ज घेतलेल्या कितीतरी मुलामुलींना तो ठाऊकच नसतो.

पगाराचाही एक आकडा लक्षात ठेव. युरोपियन ब्लू कार्ड या परवान्याला किमान पगाराची अट असते आणि ती दर 1 जानेवारीला बदलते. 2025 साली ती वर्षाला 48,300 युरो होती. पण गेल्या तीन वर्षांत पदवी घेतलेल्यांना ती कमी असते. त्याच वर्षी 43,759 युरो 80 सेंट होती. चालू वर्षाचा आकडा सरकारी संकेतस्थळावर बघून मगच पगाराचं बोलणं कर. पगार त्याच्या जरा खाली आला तरी हातपाय गाळू नको. इथल्या पदवीला साजेसं काम असेल तर ब्लू कार्डाखेरीज कुशल कामगाराचा साधा परवाना मिळतो. इथं शिकलेल्यांना त्या परवान्यावर दोन वर्षांत कायमच्या वास्तव्याचा अर्जही करता येतो. आणि हे आकडे बाबांना रुपयांत करून सांगायच्या आधी कपात सांग. एकट्या माणसाच्या पगारातून कर आणि विमे मिळून तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जातं. नाहीतर गावात "पोरगी महिन्याला चार लाख कमावती" असं होऊन बसतं.

नोकऱ्या कुठं आहेत, हे आता ऐक. सगळे बर्लिन आणि म्युनिककडं धावतात. इंग्रजीवर भागतं, चार मराठी माणसं भेटतात, गणपती बसतो. सॉफ्टवेअरवाल्यांचं तिथं जमतंही. पण तू मेकॅनिकलची. जर्मनीतल्या नामांकित कारखान्यांतले कितीतरी अशा गावांत आहेत ज्यांची नावं आपल्याला उच्चारता येत नाहीत. तुमच्या मळ्यातल्या गवत कापायच्या यंत्रावर 'स्टील' असं नाव असतं ना, ती कंपनी स्टुटगार्टजवळच्या वाइब्लिंगनची. गाड्या धुवायच्या पंपावरचं पिवळं 'कार्चर' विनेंडनचं. लेझरनं पत्रा कापणारी ट्रुम्फ डिट्झिंगनची, हवेच्या दाबावर चालणारी यंत्रं बनवणारी फेस्टो एसलिंगनची. स्क्रू आणि हत्यारं जगभर विकणारी वुर्थ क्युंझेल्साऊची. हे क्युंझेल्साऊ पंधरा-सोळा हजार वस्तीचं. तिथं संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. दिल्ली-मुंबईच्या पोरांना तिथं राहायचं म्हटलं की अंगावर काटा येतो, आणि ती अर्जच करत नाहीत. तू हायवेकडच्या गावात वाढलीस, कुर्डुवाडीची गाडी चुकली तर काय करायचं हे तुला ठाऊक आहे. तुला कसली आलीय भीती? या मोठ्या कंपन्यांच्या आसपास त्यांना सुटे भाग पुरवणारे दोनशे-तीनशे माणसांचे कारखाने असतात. त्यांची जाहिरात लिंक्डइनवर येतेच असं नाही. त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, सरकारी रोजगार कचेरीच्या यादीत, नाहीतर विद्यापीठातल्या नोकरीमेळ्यात ती सापडते. मेळ्याला जाशील तेव्हा फुकटची पेनं गोळा करत हिंडू नको. आधी चार कंपन्या ठरव, त्या काय बनवतात ते वाच, आणि स्टॉलवरच्या माणसाला कामाचा प्रश्न विचार.

आपल्या अरणच्या सावता महाराजांना भेटायला विठ्ठल स्वतः मळ्यात आला म्हणतात. एचआरवाले येत नाहीत बाई. आपणच जावं लागतं.

आणि त्या कारखान्यांत जायचं तर जर्मन पाहिजे. तू म्हणशील, माझा कोर्स इंग्रजीत आहे, कॉलेजात सगळे इंग्रजी बोलतात. खरं आहे, पण कारखान्यातला फोरमन बोलत नाही. सुरक्षेच्या सूचना जर्मनमध्ये, पुरवठादाराचा फोन जर्मनमध्ये, मीटिंग संपल्यावर कॉफीजवळ जे खरं ठरतं तेही जर्मनमध्ये. भाषेच्या ए-टू पातळीवर थांबलेल्यांना काही महिने घरी बसलेलं मी बघितलंय, आणि त्यांच्याहून कमी गुण असलेल्या पण बी-टू केलेल्या मुलीला आधी करार मिळालेला बघितलाय. याचा सरकारी हिशेबही आहे. ब्लू कार्डावर असताना कायमचा परवाना ए-वन भाषेवर 27 महिन्यांनी मागता येतो, बी-वन असेल तर 21 महिन्यांनी. तुझी धाकटी बहीण यायचं म्हणत असेल तर तिला आत्ताच पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला नाहीतर मॅक्स म्युलर भवनात घाल. तिथला मराठीतून शंका विचारायचा आराम इकडं नाही. शिवाय इकडं येऊन शिकायचं म्हटलं की अभ्यास, स्वयंपाक आणि कामाच्या पाळ्या यांत भाषा कायम मागं पडते.

आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं उदाहरण घे. 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि तिथली भाषा लिहाय-वाचायला शिकले. पुढं बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले. नुसत्या डॉक्टरकीच्या बळावर ते झालं असतं का, सांग बरं? पण तुझ्या परिस्थितीच्या जास्त जवळचे मला वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे वाटतात. अमेरिकेत मजुरी करत ते शेतकी शिकले, ऑरेगनमध्ये आणि मग वॉशिंग्टन राज्यात. गदर चळवळीत पडल्यामुळं घरी परतायची वाट बंद झाली. हातात परदेशी पदवी आणि डोक्यावर इंग्रज सरकारचा राग. युरोपात भटकून 1924 मध्ये ते मेक्सिकोला पोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. स्पॅनिशमधून शिकवलं, मक्याच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. तिथला मोठा चित्रकार दिएगो रिवेरा यानं शिक्षण खात्याच्या भिंतीवर त्यांना रंगवलंय. शिक्षण एका देशात, नोकरी भलत्याच देशात, तीही तिसऱ्या भाषेत. तेव्हा व्हिडिओ कॉल नव्हता की भाषेचं ॲप नव्हतं. आपल्याला कुठं तक्रार करायला जागा आहे?

अर्जाचं भराभर सांगते. सीव्ही दोन पानांच्या पुढं नको. तारखा उलट्या क्रमानं, मधली रिकामी जागा न लपवता. 2006 च्या भेदभावविरोधी कायद्यापासून फोटोची सक्ती नाही, तरी पुष्कळ जण लावतात. लावलास तर लग्नातला कापून लावू नको. गुण इथल्या मापात लिही. इथं 1 सगळ्यांत वरचा, 4 काठावर आणि 5 नापास. आपल्या सोलापूर विद्यापीठाचे टक्के नुसते लिहिलेस तर कुणाला काही कळत नाही. पासपोर्टात आपल्या नावाला चिकटून वडिलांचं नाव असतं, ते इकडं तुझंच दुसरं नाव समजतात. म्हणून सगळीकडं एकच रूप वापर, करारात एक आणि बँकेत दुसरं नको. घराच्या पत्रपेटीवर आडनाव आहे ना, तेही बघ. नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि इथं अजून महत्त्वाची कागदपत्रं पोस्टानंच येतात. मुलाखतीला बोलावलं तर जाण्यायेण्याचं भाडं कंपनीनं द्यायचं असतं, तिनं आधी नाही म्हणून कळवलं नसेल तर. मागायला लाजू नको, तिकीट जपून ठेव.

नकार येतील. ढिगानं येतील, आणि सगळे सारख्याच गोड शब्दांत. "आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा." कारण विचारलंस तर सांगणार नाहीत. सांगितलं तर त्याच भेदभावाच्या कायद्याखाली अडकू, या धास्तीनं वकीलच त्यांना गप्प बसवतात. त्यामुळं नकारातून स्वतःविषयी काही वाचत बसू नको, तिथं वाचण्यासारखं काही लिहिलेलंच नसतं. अर्ज पाठवून मुलाखतीलाच बोलावत नसतील तर कागदात खोट आहे, ते बदल. मुलाखत होऊन पुढं जात नसेल तर बोलण्यात खोट आहे, बहुधा भाषेत. एवढाच निष्कर्ष काढ आणि पुढं चल.

आता जरा हळू बोलते. या काळात कुणीतरी भेटेल, आपलाच, आपल्याच भाषेतला. "एवढे भर, करारपत्र देतो." नाहीतर "सीव्हीत दोन वर्षांचा अनुभव घालून देतो, विचारलं तर मी हो म्हणेन." त्याच्याशी वादही घालू नको, नंबर काढून टाक. नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही. ब्रिटनमध्ये स्पॉन्सरशिपच्या नावाखाली हजारो पौंड देऊन बसलेल्यांच्या बातम्या तू वाचल्या असशील. परवानाधारक कंपन्यांची यादी तिथलं सरकार उघड छापतं, फुकट बघता येते. मायदेशातून भरती करणाऱ्या नोंदणीकृत एजंटालासुद्धा आपला कायदा 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, इतकंच घेऊ देतो. खोट्या अनुभवावर मिळालेला परवाना पुढं कधीही रद्द होऊ शकतो, आणि मग घरावरचं कर्ज तसंच राहतं.

काका तुला तो महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग कराराचा मेसेज पाठवत असतील, फेब्रुवारी 2024 चा. तो परिचारिका, इलेक्ट्रिशियन, चालक अशा कामांसाठीचा आहे. तुझा रस्ता वेगळा. काकांना एवढं सांग आणि विषय सोड.

तुझी मैत्रीण ब्रिटनमध्ये लीड्सला आहे म्हणालीस. तिचे नियम वेगळे, तिला माझं सगळं जसंच्या तसं सांगू नको. तिकडं पदवीनंतर दोन वर्षं राहता येतं, पण 1 जानेवारी 2027 पासून जे अर्ज करतील त्यांना दीडच वर्ष. अमेरिकेतल्यांना पदवीनंतर बारा महिने, विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना वर चोवीस, मात्र पहिल्या वर्षात नव्वद दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. तिथली एच-वन-बी व्हिसाची सोडत आणि 2025 साली आलेलं लाख डॉलरचं शुल्क, यांमुळं मी हल्ली कुणाला कर्ज काढून तिकडं जा म्हणत नाही.

घरचं बोलायचं राहिलं. आई दर रविवारी विचारते, "लागली का?" आणि तू म्हणतेस, "होईल, दोन ठिकाणी बोलणं चाललंय." बोलणं चालू नसतं. मग ती चुलतीला सांगते, चुलती बाजारात सांगते, आणि पुढच्या रविवारी तुला आणखी एक खोटं रचावं लागतं. त्यापेक्षा बाबांना एकट्यांना फोन कर आणि दोन्ही तारखा सांग. परवाना अमुक महिन्याला संपतो, हप्ता अमुक महिन्याला सुरू होतो, तोवर मी हे-हे करणार आहे. शेतकरी माणूस आहे तो. पाऊस लांबला तर काय करायचं हे ज्याला आयुष्यभर ठरवावं लागलंय, त्याला हे कळतं. आपली बापमाणसं बातमीनं मोडत नाहीत, बातमी उशिरा कळल्यानं मोडतात. स्थळांचा विषय निघेल. "नोकरी नाही तर निदान लग्न तरी" असा सूर लागला तर तिथंच थांबव. करार हातात यायच्या आधी कुठलंही पाहणं नको, व्हिडिओवरचंही नको. मुलाकडच्यांनी "आमच्या मुलाचा तिकडंच जॉब आहे, डिपेंडंट म्हणून राहील ती" असं म्हटलं की नोकरीचा शोध नकळत ढिला पडतो. मी हे होताना बघितलंय. मग शिकलेलं मेकॅनिकल सासरी कुकरची रिंग बदलायला उपयोगी पडतं.

आणि नाहीच जमलं तर? तेही बोलू, न बोललेल्या गोष्टीचीच भीती जास्त वाटते. परत येणं ही नाचक्की नाही. चाकणला फोक्सवॅगन आहे, मर्सिडीज आहे, आणि त्यांना माल पुरवणाऱ्या जर्मन कंपन्या पुण्याभोवती ढिगानं आहेत. त्यांना जर्मन कारखाना आतून बघितलेली आणि जर्मनमध्ये फोनवर बोलणारी इंजिनिअर हवीच असते. फक्त ते अर्ज अठरा महिने संपल्यावर करू नको, बाराव्या-तेराव्या महिन्यात इथूनच सुरू कर. परवाना हातात असताना परतलेली मुलगी पगाराचं बोलणं ताठ मानेनं करते. युरोतल्या खर्चासाठी काढलेलं कर्ज पुण्याच्या पगारावर फेडणं अवघड जातं, हे मात्र खरं. म्हणून परतायचं ठरलं तर आधी बँकेत जाऊन हप्ता लांबवून घ्यायचा, थकल्यावर नाही.

या आठवड्यात एवढं कर. प्राध्यापकांना थिसिसचं विचार, कर्जाचं करारपत्र मला पाठव, आणि बी-टूच्या परीक्षेची तारीख घे. परीक्षेची फी मी भरते, नोकरी लागल्यावर परत दे.